पडद्यावरील संभाषण आणि नात्यांची भाषा



इंग्रजीतील एखादे संभाषण मराठीत आणावयाचे झाले, की अनुवादकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो एका लहानशा सर्वनामाचा. इंग्रजी ‘यू’चे मराठीत काय करावयाचे? ‘तू’ म्हणावयाचे, ‘तुम्ही’ म्हणावयाचे, की ‘आपण’? कथा-कादंबरीत हा प्रश्न फारसा छळत नाही. पात्रांची वये, नाती, घरची परिस्थिती लेखकाने सांगितलेली असते. परंतु दोन अपरिचित माणसे संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर एकमेकांस लिहीत आहेत, त्यांची नावेही टोपणनावे आहेत, असा उतारा समोर आला म्हणजे अनुवादकास थांबावे लागते. ह्या दोघांत वडील कोण? अधिकार कोणाचा? ओळख जुनी की आजची? ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून एक वाक्यही मराठीत उतरत नाही. आणि ती उत्तरे शोधावयाची तर त्यांच्याच शब्दांत शोधावी लागतात. कोण विनंती करतो, कोण आज्ञा करतो, कोण कारणे देत बसतो, कोण नुसते ‘हो’ म्हणून थांबतो, हे पाहावे लागते.

अनुवादकाला गरजेपोटी करावी लागणारी ही तपासणी आज एका स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाली आहे. इंटरनेटवर माणसे परस्परांशी जे लिहितात त्यातील भाषेच्या वापरावरून त्यांच्यातील नाती, गट, सत्ता आणि दुरावा ह्यांचा शोध घेणे, असे त्या अभ्यासाचे थोडक्यात वर्णन करता येईल. त्याची पद्धती कोणती, त्याने आजवर काय दाखवून दिले, आणि आपल्या भाषांच्या बाबतीत तो कोठे अडतो, हे आज आपणांपुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेऊ. भाषा माहिती पोहोचविते हे खरेच. पण त्याच वेळी ती बोलणारा आणि ऐकणारा ह्यांच्यातील अंतरही सांगत असते. ‘पाणी आण’, ‘जरा पाणी आणतोस का?’, ‘पाणी मिळेल का?’ ह्या तीन वाक्यांत मागणी एकच आहे. तरीही पहिले वाक्य घरातील धाकट्या भावाला, दुसरे मित्राला आणि तिसरे परक्याच्या दारात उच्चारले गेले असावे, हे आपण न सांगता ओळखतो. आपल्या जुन्या पत्रलेखनात ही गोष्ट फार स्पष्टपणे मांडलेली असे. ‘तीर्थरूप’ म्हटले की लिहिणारा धाकटा. ‘चिरंजीव’ म्हटले की लिहिणारा वडील. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ आणि ‘अनेक आशीर्वाद’ ह्यांची अदलाबदल होणे अशक्य. मजकुरास आरंभ होण्यापूर्वीच मायन्याने नाते निश्चित केलेले असे. आजच्या मोबाइलवरील संदेशाला मायना नाही. मग नाते निश्चित होते कशाने? मायना गेला म्हणून नाते सांगण्याची गरज गेली नाही. ते काम आता क्रियापदाचे रूप, लिपीची निवड, विरामचिन्ह, हसऱ्या चेहऱ्याचे चित्र आणि उत्तराला लावलेला वेळ अशा अनेक बारीकसारीक गोष्टींत विभागले गेले आहे. ह्या गोष्टी वेचून त्यांचा अर्थ लावणे हेच अभ्यासकाचे काम होय.

हा अभ्यास इंटरनेटबरोबर एकाएकी जन्मास आला असे मात्र नाही. त्याची मुळे समाजभाषाविज्ञानात आहेत. विल्यम लबॉव्ह ह्या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने न्यूयॉर्क शहरातील तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना मुद्दाम असा प्रश्न विचारला, की त्याचे उत्तर ‘चौथ्या मजल्यावर’ असेच यावे. त्या इंग्रजी उत्तरातील ‘र’चा उच्चार होतो की नाही, एवढेच त्याला टिपावयाचे होते. श्रीमंतांच्या दुकानात तो उच्चार अधिक आढळला, स्वस्त दुकानात फार कमी. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने, उच्चारातील फरक यदृच्छेने होत नसून त्यास सामाजिक स्तरांचा आधार असतो, हे दाखवून दिले. त्यापूर्वी, १९६० मध्ये, रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन ह्यांनी युरोपीय भाषांतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ह्यांच्या वापरामागे सत्ता आणि जवळीक अशी दोन तत्त्वे काम करतात, असे प्रतिपादन केले होते.

आपल्या दृष्टीने ह्याहूनही जवळचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील कुपवाडचे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्यांनी ह्या गावातील भाषाव्यवहाराचा अभ्यास करून १९७१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे कन्नड बोलणारे जैन, उर्दू बोलणारे मुसलमान आणि मराठी बोलणारे समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले होते. त्यांच्या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली होती, की एका भाषेतील वाक्याच्या जागी दुसरीतील शब्द ठेवीत गेले तरी वाक्य बहुधा बरोबर होई. तरीही शब्द आणि प्रत्यय मात्र ज्याचे त्याने राखले होते. बाजारात व शेतात एकत्र काम करावयाचे म्हणून रचना एक झाली. घरात आपले वेगळेपण टिकवावयाचे म्हणून शब्द वेगळे राहिले. व्यवहार माणसांना जवळ आणतो आणि अस्मिता अंतर राखते, ह्या दोन्ही ओढींची नोंद एकाच भाषिक पुराव्यात सापडू शकते, हा कुपवाडचा धडा पुढे पडद्यावरील संभाषणाच्या अभ्यासातही उपयोगी पडला आहे.

अशा अभ्यासात एक जुनी अडचण होती. लबॉव्हने तिला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले. माणसे कोणी पाहत नसताना कशी बोलतात हे जाणून घ्यावयाचे असते. पण ते जाणण्यासाठी त्यांना पाहावे तर लागतेच, आणि पाहिले की बोलणे बदलते. इंटरनेटने ही अडचण वरवर पाहता दूर केली. तेथील बोलणे लिहिलेलेच असते, तारीख-वेळेसह साठविलेले असते, आणि ते लिहिताना कोणी अभ्यासक समोर वही घेऊन बसलेला नसतो. सूसन हेरिंग ह्या अमेरिकन भाषावैज्ञानिक विदुषीने १९९० नंतरच्या दशकात संगणकाद्वारे होणाऱ्या संभाषणाच्या विश्लेषणाची पद्धती घडविण्यास आरंभ केला तो ह्याच सामग्रीच्या बळावर. डेव्हिड क्रिस्टल ह्यांचा भाषा आणि इंटरनेट ह्या विषयावरील ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटरनेटवरील भाषा बोलीसारखी चपळ आहे, पण ती लेखनासारखी टिकते, ह्या दुहेरी स्वरूपाकडे अशा अभ्यासांनी लक्ष वेधले.

ह्या लिखित बोलण्यात आवाज नाही, चेहरा नाही, हातवारे नाहीत. ही उणीव माणसांनी कशी भरून काढली, हे पाहण्यासारखे आहे. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन ह्यांनी सहकाऱ्यांना एक सूचना केली. थट्टेने लिहिलेले वाक्य लोक गंभीरपणे घेतात आणि भलतेच वाद होतात. तेव्हा अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस ओळीने टाकून आडवा हसरा चेहरा काढावा आणि थट्टा आहे हे दर्शवावे. पुढे १९९९ मध्ये जपानमध्ये शिगेताका कुरिता ह्यांनी मोबाइलसाठी १७६ लहान चित्रांचा एक संच तयार केला, आणि २०१० मध्ये अशा चित्रांना युनिकोड ह्या जागतिक संकेतप्रणालीत मोठ्या प्रमाणावर स्थान मिळाले. फालमन ह्यांची मूळ सूचना लक्षात ठेवली तर ह्या चिन्हांचे खरे कार्य कळते. लिहिणारा त्या वेळी हसत आहे की नाही, हा मुद्दा तेथे गौण आहे. वाचणाऱ्याने वाक्य कोणत्या रीतीने घ्यावे, ही सूचना त्या चिन्हात असते. ‘उद्या वेळेवर ये’ ह्यापुढे हसरा चेहरा असला म्हणजे आज्ञेची धार बोथट होते.

विरामचिन्हांचेही असेच. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मोबाइलवरील एका शब्दाच्या उत्तरानंतर पूर्णविराम दिला, तर वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासून दिलेले वाटले. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असता असा परिणाम दिसला नाही. संदेश संपला हे पडद्यावर आपोआपच कळते. तेथे पूर्णविरामाला व्याकरणाचे काम उरले नाही, म्हणून तो स्वराचे काम करू लागला. चिन्ह तेच; स्थळ बदलले आणि अर्थ बदलला.

आता ह्या पद्धतीने केलेल्या तीन अभ्यासांकडे वळू.

पहिला अभ्यास गटात येणे आणि गटातून जाणे ह्यासंबंधीचा आहे. क्रिस्तियान दानेस्कू-निकुलेस्कू-मिझिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. निरनिराळ्या बिअर चाखून त्यांवर आपापले मत लिहिणाऱ्या शौकिनांच्या इंटरनेटवरील दोन मोठ्या मंडळांचे वर्षानुवर्षांचे लेखन त्यांनी तपासले. विषय कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु एखाद्या गावाची बोली जशी बदलत जाते तशीच ह्या मंडळांचीही बदलत होती, हे तेथे अगदी तारखांसह दिसते. उदाहरणार्थ, वासासंबंधी लिहिताना पूर्वी एक पूर्ण शब्द वापरला जाई. कालांतराने त्याऐवजी नुसते एक आद्याक्षर लिहिण्याची रीत रूढ झाली. नवा सभासद येतो तेव्हा तो मंडळाची चालू भाषा झपाट्याने उचलतो. मग एक वेळ अशी येते, की त्याची भाषा स्थिरावते. मंडळाची भाषा पुढे चालू लागते, नवे सभासद तिच्याबरोबर जातात, आणि जुना सभासद आपल्या तारुण्यातील शब्दांना धरून मागे राहतो. हे अंतर वाढत गेले की बहुधा तो मंडळ सोडतो. कोण किती काळ टिकेल ह्याचा काही अंदाज त्याच्या आरंभीच्या लेखनावरूनच बांधता येतो, असे संशोधकांना आढळले.

प्रौढपणी माणसाची भाषा फारशी बदलत नाही, हा समाजभाषाविज्ञानातील जुना सिद्धांत. त्याचे प्रतिबिंब येथे काही वर्षांच्या अवधीत आणि संपूर्ण नोंदींसह पाहावयास मिळाले. महाराष्ट्राबाहेर वास्तव्य असलेल्या मराठी भाषकांना ह्यात नवे असे काही वाटणार नाही. तंजावर, बडोदे वा इंदूर येथील जुन्या घराण्यांच्या मराठीत पुण्या-मुंबईकडे मागे पडलेले शब्द जिवंत सापडतात. मूळ प्रदेशातील भाषा पुढे निघून गेली आणि दूर गेलेल्यांनी नेली ती आपल्याबरोबर जपून ठेवली. फरक एवढाच, की तंजावरच्या बाबतीत जे घडावयास शतके लागली, ते पडद्यावरील मंडळात काही वर्षांत घडते.

दुसरा अभ्यास सत्तेविषयी आहे. ह्याच संशोधकांच्या एका गटाने २०१२ मध्ये दोन अगदी भिन्न ठिकाणची संभाषणे तपासली. एक, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील तोंडी युक्तिवाद. दुसरे, विकिपीडिया ह्या मुक्त ज्ञानकोशाच्या संपादकांमधील चर्चा. बोलताना आपण नकळत समोरच्याची शब्दयोजना उचलतो. विषयासंबंधीचे शब्द सारखे येणे साहजिक आहे. म्हणून संशोधकांनी ते बाजूला ठेवले आणि इंग्रजीतील उपपदे, शब्दयोगी आणि उभयान्वयी अव्यये अशा, आपले लक्ष सहसा जात नाही अशा शब्दांची मोजणी केली. निष्कर्ष असा, की वकील न्यायाधीशांच्या बोलण्याचे जितके अनुकरण करतात तितके न्यायाधीश वकिलांच्या बोलण्याचे करीत नाहीत. आणि विकिपीडियावर ज्यांना प्रचालकाचे अधिकार आहेत त्यांच्याशी बोलताना इतर संपादक अधिक अनुकरण करतात. ज्याच्यावर आपले काम अवलंबून, त्याच्या शब्दांकडे आपली भाषा झुकते.

पुढील वर्षीच्या एका अभ्यासात विनयाचा विचार झाला. संपादकांनी एकमेकांस केलेल्या विनंत्यांसारख्या १०,००० हून अधिक नमुन्यांची सौजन्याच्या दृष्टीने माणसांकडून पारख करून घेण्यात आली आणि त्यावरून नियम शोधण्यात आले. विकिपीडियावर प्रचालकाची निवड संपादकच करतात. जे पुढे निवडून आले ते निवडीपूर्वी इतरांपेक्षा अधिक सौजन्याने लिहीत होते. निवडीनंतर त्यांच्या लेखनातील सौजन्य कमी झाले. ह्यावर हसू येणे साहजिक आहे, कारण निवडणुकीपूर्वीची आणि नंतरची भाषा आपल्या ओळखीची आहे. पण शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की सर्वांना अनुभवाने ठाऊक असलेले सत्य येथे मोजता आले.

मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ मध्ये झाला. त्यावरील संपादकांच्या सामायिक चर्चेच्या स्थळाला ‘चावडी’ असे नाव आहे. नाव फार समर्पक आहे. आणि त्या चावडीवरील बोलण्याचा असाच अभ्यास करावा असे कोणालाही वाटेल. परंतु येथेच खरी अडचण सुरू होते, आणि अनुवादक म्हणून मला तिच्याविषयी अधिक बोलावयाचे आहे.

इंग्रजीसाठी बनविलेली मोजपट्टी मराठीला तशीच लावता येत नाही. इंग्रजीतील शब्दयोगी अव्यये सुटी असतात. मराठीत त्यांचे काम बहुधा शब्दाला चिकटलेले प्रत्यय करतात, आणि सुटे शब्द मोजणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाहीत. इंग्रजीत ‘मी’ हे सर्वनाम किती वेळा आले ह्यावरून बोलणाऱ्याचे सामाजिक स्थान ताडण्याचे प्रयत्न झाले आहेत; जेम्स पेनेबेकर ह्या मानसशास्त्रज्ञाचे ह्या विषयावरील पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत मात्र ‘उद्या येते’ एवढे म्हटले तरी पुरते. ‘मी’ उच्चारण्याची गरज नाही. क्रियापदातच तो सामावलेला आहे. इतकेच नव्हे, तर ‘येते’ म्हणताच बोलणारी स्त्री आहे हेही कळून येते. इंग्रजीत टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्यास आपण स्त्री की पुरुष हे झाकता येते. मराठी व हिंदीत तसे करावयाचे म्हणजे प्रत्येक वाक्य जपून रचावे लागते. बंगालीत क्रियापदाला लिंगभेद नाही. पण संबोधनाच्या तीन पायऱ्या आहेत. म्हणजे एका भाषेत जे लपते ते दुसरीत उघडे पडते.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांचा भेद घ्या. ‘आम्ही जाऊ’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपण जाऊ’ म्हटले की तो आत आला. मराठीत, गुजरातीत, तमिळमध्ये हा भेद आहे. इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही. गटाची सीमा कोठे आखली जाते हे शोधणाऱ्या अभ्यासकाला ह्याहून मोलाचा पुरावा कोणता मिळणार? इंग्रजीवर घडलेल्या साधनांत मात्र त्यासाठी रकानाच नाही.

विनयाचेही तसेच. इंग्रजी ‘प्लीज’साठी शब्दकोशात ‘कृपया’ मिळतो. म्हणून ‘कृपया’ मोजून मराठी माणसाचे सौजन्य मोजावयाचे ठरविले तर फसगत होईल. ‘कृपया’ हा शब्द आपण सूचनाफलकावर वाचतो. घरात कोणी उच्चारीत नाही. मित्राच्या संदेशात तो आला तर सौजन्यापेक्षा रागच व्यक्त होण्याचा संभव अधिक. मराठीचे सौजन्य क्रियापदाच्या रूपात आहे: ‘कर’, ‘करा’, ‘करशील का’, ‘कराल का’, ‘करावे’. ज्या गटात आत्या, मेहुणा, नातवंडे आणि शेजारी सारेच एकत्र आहेत, तेथे ‘तू’ म्हणावे तर वडिलांचा उपमर्द, ‘तुम्ही’ म्हणावे तर लहानांशी परकेपणा. अशा वेळी लिहिणारे ‘सर्वांनी वेळेवर यावे’, ‘कळवावे’, ‘नोंद घ्यावी’ अशी रूपे वापरून सर्वनामच टाळतात. भिन्न नात्यांची माणसे एकाच श्रोतृवर्गात कोंबली गेल्याने जो पेच निर्माण होतो, त्याची पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळ चर्चा केली आहे. त्यावरील हे मराठी उत्तर व्याकरणातूनच आलेले आहे. ते मोजावयाचे तर मराठी व्याकरण जाणणाराच हवा.

तिसरा अभ्यास आपल्या देशातील आहे. कौस्तव रुद्र, कलिका बाली, मोनोजित चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ट्विटरवर हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणती भावना कोणत्या भाषेत व्यक्त होते, हा त्यांचा प्रश्न होता. नापसंती आणि शिवीगाळ ह्यांसाठी हिंदीला स्पष्ट पसंती दिली जाते, असे त्यांना दिसून आले. ह्याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. कोणी फक्त इंग्रजी संदेश वाचून भारतीयांचे मत अजमावू लागला, तर त्याला प्रत्यक्षाहून अधिक समाधानी लोक दिसतील. कारण तक्रार दुसऱ्या भाषेत मांडलेली आहे.

लिपीची निवडही अशीच बोलकी असते. मोबाइलवरील लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० अक्षरे मावत. देवनागरीत लिहिले तर ७० चिन्हांतच जागा संपे, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सारी त्यांत वेगळी मोजली जात. पुष्कळ यंत्रांवर देवनागरी दिसतही नसे. तेव्हा मराठी रोमन लिपीत लिहिण्याची सवय गरजेतून लागली. आज अडचण पुष्कळशी दूर झाली, तरी सवय राहिली, आणि आता तिला सामाजिक अर्थ प्राप्त झाला आहे. तोच माणूस मित्राला रोमन लिपीत ‘काय चाललंय’ असे विचारतो आणि कोणाच्या निधनाची वार्ता आली की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द देवनागरीत लिहितो. लिपी बदलली की प्रसंगाचे गांभीर्य बदलले, हे वाचणाऱ्याला कळते. यंत्राला मात्र ही दोन निरनिराळी माणसे वाटू शकतात.

आता मी त्या मुद्द्याकडे येते, ज्यामुळे हा विषय केवळ विद्वानांपुरता राहत नाही. आपल्या लेखनावरून आपला पारखी होणारा आज बहुतेक वेळा माणूस नसून यंत्र असते. कोणते लेखन आक्षेपार्ह म्हणून काढून टाकावयाचे, कोणास काय दाखवावयाचे, हे निर्णय शब्दांच्या मोजणीवर आधारलेले असतात. दोन मित्रांमधील ‘अरे गाढवा’ हे प्रेमाचे असते, आणि अत्यंत शुद्ध, सभ्य मराठीत लिहिलेले एखादे वाक्य जिव्हारी लागणारे असू शकते. भाषेच्या सामाजिक वापराचे ज्ञान नसलेली मोजणी पहिल्यास शिक्षा करील आणि दुसऱ्यास सोडून देईल. ज्या भाषांचा अभ्यास झालेला नाही, त्या बोलणाऱ्यांवर असा अन्याय अधिक होण्याचा संभव आहे.

दुसरी चिंता संमतीची. जानेवारी २०१२ मध्ये एका आठवड्यात फेसबुकवरील ६,८९,००३ लोकांना दिसणाऱ्या मजकुरात फेरफार करण्यात आला. काहींपुढील आनंददायक शब्दांचे लेखन कमी केले, काहींपुढील दुःखदायक शब्दांचे. मग त्यांच्या स्वतःच्या लेखनातील शब्द मोजले गेले. फरक आढळला, पण तो अत्यंत अल्प होता. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मोठी टीका झाली, कारण त्या लोकांना ह्या प्रयोगाविषयी विचारलेच नव्हते. ज्या नियतकालिकात तो आला त्यानेही संमतीच्या प्रश्नाविषयी संपादकीय चिंता नोंदविली. निरीक्षकाचा जो विरोधाभास दूर झाला असे आपण समजत होतो, त्याची किंमत ही अशी होती. पाहणारा दिसेनासा झाला म्हणून बोलणे नैसर्गिक राहिले. पण पाहिले जात आहे हे जाणण्याचा बोलणाऱ्याचा हक्कही त्याबरोबर गेला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. परंतु माणसाने स्वतः होऊन सार्वजनिक केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली आहे. म्हणून अभ्यासकाची जबाबदारी कायद्यापाशी संपत नाही. चावडीवर मोठ्याने बोललेले सर्वांना ऐकू येते हे खरे. परंतु ते ऐकून वहीत उतरवून परगावी छापावे, अशी परवानगी बोलणाऱ्याने दिलेली नसते. नाव गाळून वाक्य उद्‌धृत केले तरी शोधयंत्रात ते वाक्य टाकताच लिहिणारा सापडू शकतो. ह्यास्तव अनेक अभ्यासक मूळ वाक्याऐवजी त्याचा आशय देतात. दुसऱ्या भाषेत केलेला अनुवादही अशा वेळी एक आवरण ठरतो, हे अनुवादकाच्या व्यवसायाचे एक अनपेक्षित सामाजिक कार्य म्हणावयास हरकत नाही.

मग आपल्या भाषांत हा अभ्यास कोणी व कसा करावा? त्यासाठी मोठी यंत्रे प्रथमच हवीत असे नाही. एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी, एखाद्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळाने, आपल्याच एका गटातील एका महिन्याचे संदेश सर्व सभासदांची संमती घेऊन समोर ठेवावेत आणि काही साध्या गोष्टींची नोंद करावी. बोलण्यास आरंभ कोण करतो? कोणाच्या संदेशाला उत्तर मिळते आणि कोणाचा संदेश तसाच राहतो? कोण कोणास ‘तू’ म्हणतो, कोण सर्वनाम टाळतो? ‘आपण’ केव्हा येते आणि ‘आम्ही’ केव्हा? लिपी कोणत्या विषयावर बदलते? ह्या नोंदींच्या शेवटी, मोजलेले आकडे पुन्हा त्याच सभासदांपुढे ठेवून ‘हे असेच आहे का?’ असे विचारावे. शब्दांची मोजणी अभ्यासकाची असली, तरी त्यामागील हेतू बोलणाऱ्यालाच ठाऊक असतो.

अशा नोंदी कुपवाडसारख्या अनेक गावांतून आणि अनेक भाषांतून जमल्या, तर आपल्या बोलण्याचे मोजमाप परक्या मोजपट्टीने होण्याची वेळ येणार नाही. आपल्या व्याकरणांनी शतकानुशतके नात्यांचे जे बारकावे जपले, ते पडद्यावरही जपले जात आहेत. त्यांची दखल घेणारी साधने घडविण्याचे काम ती भाषा बोलणाऱ्यांनाच करावे लागेल. आपल्यांपैकी काहींनी तरी ह्या कामास हात घालावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.